चौथ्या कलमातला शब्द

१

उर्वशी दोनाडकर कोहकाटोल्याला पोचली तेव्हा गोदामाच्या फाटकासमोर मोहाच्या टोपल्यांची रांग लागली होती आणि टोपल्यांच्या मागे बायका भर उन्हात बसल्या होत्या. फाटक उघडंच होतं. आत एका पिकअपमधून माल उतरत होता. फक्त बायकांना कुणी आत सोडत नव्हतं.

“आमी सभासद नाई म्हणते,” बुधरी नरोटे म्हणाली. “माह्या कंपनीत मीच सभासद नाई.”

बुधरी ही कंपनीची अध्यक्ष. आसपासच्या गावांतल्या मोह, हिरडा, चारोळी वेचणाऱ्या बायकांनी मिळून कंपनी काढली, तेव्हापासून बायका तिलाच निवडून देत आल्या होत्या. रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. आत्ता तो इतका खाली गेला होता की उर्वशीला वाकून ऐकावं लागलं.

“कोण म्हणते?”

“प्रफुल. वरून आलं म्हणते. वर कोण आहे आमच्या? मीच हावो ना वर.”

उर्वशी ब्रह्मपुरीची वकील. या कंपनीची नियमावली, म्हणजे जिच्यावर कंपनी चालते ती घटना, तिनेच लिहिली होती. याच टोल्यात, म्हणजे या वस्तीत, याच बायकांमध्ये बसून, एकेक कलम मोठ्याने वाचत. कंपनी उभी करणारे मुखरूभाऊ शेजारी बसून प्रत्येक वाक्य गोंडीत सांगायचे आणि बायकांनी मान हलवल्याशिवाय पुढचं कलम लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. नंतर दरवर्षीचे कागद भरायचं काम नागपूरच्या एका सीएकडे गेलं. तुझ्यावर किती भार टाकायचा, असं भाऊच म्हणाले होते.

ती फाटकातून आत गेली. वकिलीणबाईला कुणी अडवलं नाही. पिकअपवर धनराजचं नाव रंगवलेलं होतं. धनराज म्हणजे बाजारात बायकांकडून पडेल भावात मोह उचलणारा व्यापारी. त्याच्या काट्यातून सुटायचं म्हणून तर ही कंपनी उभी राहिली होती.

“याचा माल इथी कसा?” तिने हमालाला विचारलं.

“सभासद आहे ना तो,” हमाल म्हणाला.

२

कंपन्यांच्या सरकारी नोंदी कुणालाही काढून पाहता येतात. उर्वशीने त्या दुपारी बुधरीच्या दूरच्या टोल्यात जाऊन तिच्या पडवीत लॅपटॉप उघडला आणि नवी नियमावली वाचायला घेतली.

बदल झाला होता हे तिला ठाऊक होतं. मागच्या हंगामाच्या आधी, धान निघाल्यावर, बायकांनी विशेष सभा घेऊन कंपनीचं नाव बदललं होतं. आधीचं नाव कुण्या शहरी माणसाने ठेवलेलं, हिरवं-हिरवं. बायकांना आपल्या डोंगराच्या देवीचं नाव हवं होतं. सगळ्यांनी हात वर केले, कोहकामाय असं नाव ठरलं, नवी पाटी लागली, त्या दिवशी टोल्यात ढोलही वाजला.

नाव बदलायचं तर सुधारलेली सबंध नियमावली पुन्हा दाखल करावी लागते. तशी ती दाखल झाली होती. उर्वशी पहिल्या कलमापासून वाचत गेली. आपलंच लिहिलेलं वाचताना डोळा सरकत जातो, म्हणून तिने मुद्दाम बोट ठेवून वाचलं.

चौथं कलम सभासद कोण होऊ शकतो याचं होतं. तिने लिहिलं होतं : जंगलातून स्वतः वनोपज वेचणारी व्यक्तीच सभासद होईल. आता तिथे होतं : कंपनीला स्वतः वनोपज पुरवणारी व्यक्तीच सभासद होईल.

वेचणारी काढून पुरवणारी. वाक्याचा डौल तोच, बाकी सगळं जिथल्या तिथे.

पाचव्या कलमाला कुणी हात लावला नव्हता. ते उर्वशीने दोनदा वाचलं. चौथ्या कलमात न बसणाऱ्याचं सभासदत्व हंगाम संपताच संपेल, असं ते कलम होतं. व्यापाऱ्यांची माणसं आत घुसू नयेत म्हणून तिनेच ते घातलं होतं. मागच्या हंगामात कंपनीची गाडी मोडून पडली होती आणि दूरच्या टोल्यांचा माल धनराजच्या पिकअपने गोदामात आला होता. म्हणजे कागदावर पुरवणारा धनराज. ज्यांनी पहाटे उठून झाडाखाली वाकून वेचलं, त्यांनी काहीच पुरवलं नाही. गोदामाजवळच्या दोन टोल्यांतल्या बायका माल डोक्यावर आणत, तेवढ्या उरल्या. बाकीच्या गेल्या, बुधरीसकट.

तिच्या स्वतःच्या कलमाने बायकांना बाहेर काढलं होतं.

“काय केलं त्यायनं?” बुधरीने विचारलं.

“नियम बदलवले,” उर्वशी म्हणाली. यापुढे ती बोलली नाही. कुठला नियम, कुठला शब्द, हे तिने बुधरीलाही सांगितलं नाही. ज्याने केलं त्यालाच ते ठाऊक असणार होतं.

शेवटच्या पानावर डिजिटल सही होती. बुधरी नरोटे, अध्यक्ष.

३

प्रफुल नन्नावरे चिमूरचा. कंपनीने नेमलेला व्यवस्थापक. पंख्याखाली बसूनही त्याला घाम फुटला होता.

“मॅडम, मी फक्त सभेचा ठराव टाईप केला. नाव बदलाचा. तेवढाच नागपूरले पाठवला. नियमावलीचं पुस्तक मी बनवलं नाई. सभासदांची नवी यादी बी तिकडूनच आली.”

“मग कोणी बनवलं?”

“अध्यक्षबाईच्या मेलवरून गेलं म्हणते सीए.”

“बुधरीबाईजवळ बटनाचा फोन आहे, प्रफुल. त्या मेल करतात?”

“दीपाली पाहते ना त्यांचं सगळं. सही बी तिच्याचजवळ.”

दीपाली ही बुधरीची भाची, बी.कॉम. झालेली, कंपनीची संचालक. मावशीची डिजिटल सही, म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक वस्तू, तिच्या ताब्यात असे. उर्वशीने तिला बोलावलं तेव्हा ती पेटलेलीच आली.

“माह्या नावानं सांगून राह्यला काय तो? हे पाहा सही.” तिने कपाटातून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली. “हिची मुदत सभेच्या आधीच संपली. मी तवा गडचिरोलीत, बाळंतपणाले. परत आली तर काम झालेलं, पाटी लागलेली. मले वाटलं प्रफुलसरनं नवी सही बनवून घेतली.”

“मले वाटलं दीपालीनं घेतली,” प्रफुल म्हणाला.

“तुमाले वाटलं,” उर्वशी म्हणाली. “तिले वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीत विचारलं कोणीच नाई?”

तिला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. पण एक गोष्ट नक्की झाली होती. जुनी सही मेलेली होती. कुणीतरी बुधरीच्या नावाची नवी सही जन्माला घातली होती.

४

धनराजने तिला खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं आणि स्वतः उभा राहिला.

“वकीलबाई, मी चोरी केली का? अर्ज केला. नियमात बसलो. घेतलं मले.”

“नियम तुमच्यासाठीच बदलले.”

“मी बदलवले? मी त्या सभेले होतो? त्या बाया मले दाराशी उभं करत नाई, हे तुमालेच माईत आहे. तिकडून जातो तर तोंड फिरवते.” त्याच्या बोलण्यात दुखावल्याचा सूर होता आणि तो खरा होता, याचा उर्वशीला अधिक संताप आला. “दार मी फोडलं नाई. दार उघडं करून मले आत बोलावलं.”

“कोणी?”

तो हसला. “तुमाले सांगितलं तर तुमी मानणार नाई. राहू द्या.”

“मानणं न मानणं माझं काम आहे.”

“मग शोधा ना,” धनराज म्हणाला. “मी तर म्हणतो, चांगल्या माणसानं बोलावलं. वाईट माणसाच्या बोलावण्यावर मी गेलोच नसतो. धंद्याची इज्जत असते.”

५

मुखरूभाऊंचं घर कुरखेड्याच्या वाटेवर. अंगणात खाटेवर ते बसले होते, पांढरा सदरा, गळ्यात गमछा. याच माणसाने उर्वशीला कॉलेजात असताना जंगलाच्या हक्काच्या मोर्चात आणलं होतं. कायदा शिक, असं सांगणारेही तेच. कंपनीच्या नियमावलीत त्यांच्यासाठी एक कलम होतं : संस्थापक सल्लागार, तहहयात. ते उर्वशीने फार मायेनं लिहिलं होतं.

“ये पोरी. ऐकलं मी. बस.”

पडवीत तीन पायांचा स्टँड उभा होता, त्यावर मोबाइल अडकवलेला. भाऊ दीडेक वर्षापासून बायकांच्या मुलाखती घेत होते. कंपनीवर फिल्म करायची, दिल्लीपर्यंत दाखवायची, असं त्यांच्या मनात होतं.

उर्वशी बसली आणि दिवसभराचा राग तिने बाहेर काढला. “भाऊ, नियमावली बदलवली त्यांनी. आपण एकेक कलम बायकांना विचारून लिहिलं होतं.”

“लोक तसेच असते, बेटा,” भाऊ म्हणाले. “एक शब्द इकडचा तिकडं करते अन् एवढ्या बाया रस्त्यावर येते. पण तू तापू नोको. कोर्टात जाशील तर वर्षं जातील. मी म्हणतो धनराजशी बोलू. त्याच्याजवळ गाड्या आहेत, गिऱ्हाईक आहे. बायांना परत घ्यायले तो नाई म्हणणार नाई. जुळवून घेऊ.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उर्वशीला बरं वाटलं. चहा पिऊन ती उठली.

फाट्यावर तिने गाडी थांबवली आणि नागपूरच्या सीएला फोन लावला. तो वैतागलेला होता.

“मॅडम, मी कोणाचं ऐकून सही बनवत नाही. मेल अध्यक्षबाईंच्या नावाचा होता. आणि हल्ली डिजिटल सहीला व्हिडिओ तपासणी लागते. स्वतः माणसाने कॅमेऱ्यासमोर बसायचं, कार्ड दाखवायचं, स्क्रीनवरचे आकडे बोलायचे, फोनवर आलेला ओटीपी टाकायचा. ती झालेली आहे. मी पाहिलीय. चेहरा बाईंचा, कार्ड बाईंचं, आवाज बाईंचा. शेजारी दुसरं कोणी दिसत नाही.”

“नक्की बुधरी नरोटे?”

“तुम्हाला पाठवतो, बघा ना.”

थोड्या वेळाने फोनवर व्हिडिओ आला. बुधरी होती. नवं लुगडं नेसलेली, केस चोपून बसवलेली, हातात कार्ड. आणि ती हसत होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशीने फोन बुधरीच्या हातात दिला. बुधरीने व्हिडिओ पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. मग फोन खाटेवर ठेवून दिला.

“तू मले विचारून राह्यली,” ती म्हणाली.

“विचारावं लागते, बाई.”

“माह्या अंगणात बसून, माह्या हातचं खाऊन, तू मले विचारून राह्यली का मी माह्या बायांले विकलं का.”

उर्वशीने मान खाली घातली नाही. तिलाही राग आला होता. “चेहरा तुमचा आहे. आवाज तुमचा आहे. मी नाई विचारलं तर उद्या धनराजचा वकील विचारेल. हे कवा केलं ते सांगा.”

अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा वास उन्हाबरोबर चढत होता.

“सही-बिही मले माईत नाई,” ती शेवटी म्हणाली. “हे तर फिल्मचं आहे.”

“कुठली फिल्म?”

“भाऊची. सगळ्या बायांचं घेतलं त्यायनं, माह्यं पयले घेतलं. चांगलं लुगडं नेसून ये म्हणे. हातात कार्ड धर म्हणे, फिल्ममंदी ओळख दिसली पायजे. मग म्हणे आवाज बरोबर येते का पाहू. त्यायनं आकडे सांगितले, मी बोलली. मले हसू आलं. फिल्ममंदी आकडे कायले, म्हणून.”

“अन् तुमचा फोन?”

“फोन त्यायच्या हातात होता. मधातच वाजला तर फिल्म खराब होते म्हणे.”

उर्वशी खाटेवर बसली. नाही, असं ती मनात म्हणाली. मग तिने स्वतःलाच सरकारी वकिलासारखं उभं केलं आणि एकेक नाव तपासलं.

प्रफुलसमोर बुधरी सजून बसली नसती. त्याला ती धड उत्तरही देत नसे. धनराजला टोल्याचं दार बंद होतं. दीपाली तेव्हा गडचिरोलीत, बाळंतपणात. ज्याने बुधरीला नवं लुगडं नेसायला सांगावं आणि तिने नेसावं, ज्याच्या हातात तिने न विचारता आपला फोन द्यावा, असा माणूस एकच होता. आणि काल त्याच माणसाने म्हटलं होतं, एक शब्द इकडचा तिकडं करते. प्रफुलला वाटत होतं फक्त नाव बदललंय. बुधरीला एवढंच ठाऊक होतं की नियम बदललेत. शब्द, तोही एकच, हे उर्वशीने कुठल्याही जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

मागच्या हंगामात धनराजची पिकअप कुणी ठरवून दिली होती, हेही तिला आता विचारायचं उरलं नव्हतं. तरी तिने विचारलं.

“भाऊनंच,” बुधरी म्हणाली. आणि तिच्याही लक्षात आलं. तिचा चेहरा असा झाला की उर्वशीला पाहवेना.

७

भाऊंना त्यांनी टोल्यात बोलावलं. ते आले, नेहमीसारखे हात जोडत, जोहार घालत. बायका बसल्या होत्या. दीपाली, प्रफुल एका बाजूला. जोहाराला उत्तर आलं नाही तेव्हाच त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी खुर्ची घेतली आणि गमछ्याने तोंड पुसलं.

उर्वशीने व्हिडिओ लावला. आकडे बोलणारी, हसणारी बुधरी सगळ्यांनी पाहिली.

“एका शब्दाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली होती, भाऊ?”

भाऊंनी आढेवेढे घेतले नाहीत. कदाचित त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना खरंच वाटत नव्हतं.

“मी केलं,” ते म्हणाले. “पैसा नाई खाल्ला. माह्या घरी येऊन पाहा, काही सापडते का. कंपनी मरून राह्यली होती. तुमी आणता टोपली-टोपली. बाहेर मागते ट्रकानं. धनराजचा माल आत आला तर कंपनी मोठी होते, नाव होते, सरकार दखल घेते. मी उभी केली ही कंपनी. ती अशी बारकीच राहून मेली असती माह्या डोळ्यादेखत.”

“बाया बाहेर गेल्या त्याचं काय?”

“ते थोडे दिवस. मग परत घेतलं असतं. तुमच्या भल्याचंच होतं.”

“विचारलं काऊन नाई?” बुधरी म्हणाली.

“विचारलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं.”

“मंग?”

भाऊंनी गमछा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

“नाई म्हटलं असतं,” बुधरी म्हणाली. “म्हणून विचारलं नाई. हे मोह वेचायले आमी पाहिजे, नाई म्हणायले नाई पाहिजे.”

मागून सुकरी नावाची म्हातारी उठली. तिला मराठी फारसं येत नसे. ती गोंडीत बोलली, बराच वेळ, भाऊंकडे बोट रोखून. भाऊंना सगळं समजत होतं. उर्वशीला समजत नव्हतं आणि तिने कुणाला अर्थ विचारला नाही. इतकी वर्षं तिला गोंडीत काय सांगितलं जातं ते भाऊंच्याच तोंडून कळत आलं होतं. ते आठवून ती पेटली, रागाने. त्यांच्यावरच्या आणि स्वतःवरच्याही.

“लिहून देता का हे?” तिने विचारलं. “सही फसवून केली, ठराव फक्त नावाचा होता, हे?”

“तू मले हे विचारते? तू?”

“हो. मी विचारते. तुम्ही नाही म्हणू शकता.”

त्यांनी लिहून दिलं.

८

त्या जबाबावर खोटी दुरुस्ती रद्द व्हायला पावसाळा गेला. वरच्या कचेऱ्यांतल्या खेपा, धनराजच्या वकिलाच्या हरकती, सगळं यथासांग झालं. बायका पुन्हा सभासद झाल्या आणि धान कापून झाल्यावर बुधरीने विशेष सभा बोलावली. नियमावलीत दुरुस्ती करायची होती. विषय तिने स्वतः सांगून लिहून घेतला होता.

भाऊही आले. कलमाप्रमाणे त्यांना बोलावणं पाठवावंच लागत होतं.

“वाच,” बुधरी उर्वशीला म्हणाली.

उर्वशीने वाचलं. संस्थापक सल्लागार तहहयात राहील, हे कलम वगळण्यात येत आहे. तिच्याच हाताने लिहिलेलं, तिच्याच तोंडून काढून टाकलेलं. दीपालीने ते गोंडीत सांगितलं, सावकाश, दोनदा. मग सुकरीने उठून आपल्याला काय समजलं ते उलट सांगून दाखवलं आणि बुधरीने मान डोलावली.

“हात वर नोको,” बुधरी म्हणाली. “हात कायलेबी वर होते. तोंडानं सांगा.”

एकेक बाई उठली आणि बोलली. कुणी हो म्हणालं. दोघीतिघींनी नाही म्हटलं, त्यांना भाऊंची दया आली होती. त्यांचं नाहीही तितक्याच आदराने लिहून घेतलं गेलं. लागणाऱ्या तीनचतुर्थांशांपेक्षा कितीतरी जास्त बायकांनी ते कलम काढलं. भाऊ शेवटपर्यंत बसून होते. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं आणि कुणी मुद्दाम पाहायचं टाळतही नव्हतं. सभा संपली तशा बायका उठून हिरड्याच्या पोत्यांकडे गेल्या.

उर्वशीला वाटलं होतं की आज राग उतरेल. उतरला नाही.

फाट्यावर भाऊ जीपची वाट पाहत उभे होते. उन्हात, गमछा डोक्यावर घेऊन. ब्रह्मपुरीकडे जाणारी तिची गाडी पाहून त्यांनी सवयीने हात केला. तिने गाडी थांबवली. त्यांनी पुढचं दार उघडायला हात घातला. इतकी वर्षं ते तिच्या शेजारीच बसत आले होते.

“मागं बसा, भाऊ,” उर्वशी म्हणाली.

त्यांनी पुढच्या दारावरचा हात काढला. मग मागचं दार उघडून बसले. गाडी सुटल्यावर त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली. पोरी, तू समजून घे, असं काहीतरी.

“बोलू नका,” ती म्हणाली आणि समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून वेग वाढवला.